हॉबडेसाहेबांची खोटी दाढी

मित्रांनो, आधी काय हसायचं ते हसून घ्या, म्हणजे पुढे मला मध्येच थांबावं लागणार नाही. मी एक जुनी, खोटी दाढी आहे. रंग तपकिरी, टोकाला जरा लालसर. लांबी वीतभर. डाव्या अंगाला कसरीने खाल्लेलं एक छोटं भोक आहे, पण केस नीट विंचरले तर ते दिसत नाही. सध्या माझा मुक्काम रियाधमध्ये आहे. ओलाया नावाच्या भागाजवळच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहते.

खोटी म्हटलं की लोक नाक मुरडतात. खरं तर माझ्यातला एक केसही खोटा नाही. हे केस हिमालयातल्या एका याकचे आहेत. ते व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत फिरत इंग्लंडमध्ये गेले. तिथे टोप आणि दाढ्या बनवणाऱ्या एका बाईंनी बारीक आकड्याने एकेक केस जाळीवर गाठ मारून बसवला. काम करताना त्या सतत खोकायच्या आणि स्वतःशीच गुणगुणायच्या. गाण्याचं वेड मला तिथूनच लागलं असावं.

माझी आणखी एक खासियत सांगते. मी ज्याच्या हनुवटीवर बसते, त्याची भाषा मला कळू लागते. का ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण हनुवटी सगळ्यांत जास्त हलते ती बोलतानाच, आणि मी जन्माची चौकस, त्यामुळे ऐकत गेले आणि शिकत गेले. पहिली भाषा मी शिकले ती इंग्रजी, सिरिल हॉबडे या गायक नटाच्या हनुवटीवर.

हॉबडेसाहेब टेनर होते. पुरुषांच्या आवाजांतल्या वरच्या पट्टीच्या आवाजाला तसं म्हणतात. ते ज्या मंडळीत होते, ती गावोगाव फिरून हलकेफुलके ऑपेरे करायची. म्हणजे आपल्या संगीत नाटकांचे लांबचे भाऊच म्हणा ना. गाणी, गैरसमज, वेषांतर आणि शेवटी सगळ्यांची लग्नं. दर आठवड्याला नवं गाव. रविवारी आगगाडीने प्रवास, सोमवारी नवं थिएटर, नवी घरमालकीण आणि तीच गार पडलेली अंडी. हॉबडेसाहेब समूहगायकांत होते. एका खेळात चाचे, दुसऱ्यात दरबारी, तिसऱ्यात कोळी. नायकाला दाढी नसे, कारण नायक तरुण असतो. दाढ्या सगळ्या आम्हा मागच्या रांगेतल्यांना.

त्याला एकाच खेळाचा अपवाद होता. त्यात रस्त्यावरचे दिवे लावणारा एक तरुण नगराध्यक्षाच्या मुलीवर प्रेम करतो. नगराध्यक्ष त्याला दाराशी उभं करत नाही. मग दुसऱ्या अंकात तो खोटी दाढी लावून, पियानो दुरुस्त करणारा म्हातारा बनून घरात शिरतो. शेवटी तो मुलीच्या खिडकीखाली उभा राहतो. अंधारात कोण आहे म्हणून ती घाबरते. तेव्हा तो गातो, ‘अंधारात कोण उभं आहे, भिऊ नकोस, दाढी काढतो, बघ, मीच आहे.’ आणि त्या शेवटच्या ‘मीच आहे’वर सूर उंच चढवून तो दाढी काढतो.

मित्रांनो, आता एका दाढीच्या मनात काय येईल, सांगा बरं. दाढी निघाल्यावर पुढे काय होतं? ती मुलगी काय करते? मला ते कधी बघायलाच मिळालं नाही. आम्ही समूहातले त्या प्रवेशाआधीच आत जायचो. साहेब मला सोडवून डब्यात ठेवायचे आणि चहा प्यायला बसायचे. रंगमंचावरचं गाणं भिंतीपलीकडून घरंगळत यायचं, पण शेवटच्या सुराच्या वेळी डब्याचं झाकण लागलेलं असायचं.

हॉबडेसाहेब त्या दिवेवाल्याचे राखीव नट होते. म्हणजे नायक आजारी पडला तर याने उभं राहायचं. पण त्या नायकाची तब्येत फार खणखणीत होती. साहेब मात्र दर गावी खोलीत मला लावून ते गाणं घोकायचे. शेवटच्या ओळीशी आले की थबकायचे, कारण तो उंच सूर लागला की घरमालकीण भिंतीवर ठोकायची. एकदाच, समुद्रकाठच्या एका गावात, नायकाचा घसा बसला आणि दुपारच्या खेळाला साहेबांना बोलावणं आलं. माझा आनंद काय विचारता! पण वेषभूषेच्या बाईंनी साहेबांच्या तोंडाला नायकाचीच दाढी चिकटवली. कोटाला तीच शोभते म्हणाल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, ते आजही सांगते. खेळ आटोपून साहेब खोलीत आले आणि बराच वेळ मला हातात घेऊन नुसते बसून राहिले.

पुढे ती मंडळी बंद पडली. लोक आता घरीच टीव्ही बघत बसायचे. पन्नाशीतल्या गायकाला दुसरं काम कोण देणार? साहेबांचं लग्न झालं नव्हतं, वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी इंग्रजी शिकवण्याची नोकरी धरली आणि आम्ही सौदीला आलो.

रियाधच्या विमानतळावर कस्टमवाल्याने आमचा डबा उघडला. मला दोन बोटांत धरून उचललं, शेजारच्याला दाखवलं आणि साहेबांना विचारलं की दाढी हवी असेल तर माणूस ती वाढवत का नाही. मग त्याने मला चिकटवायच्या डिंकाची बाटली हुंगली. त्या डिंकात मद्यार्क असतो. बाटली तिथेच जप्त झाली, आणि मी नुसतीच, चिकटायला काही नसलेली, शहरात शिरले.

आम्ही शहराच्या उत्तरेला परदेशी लोकांच्या एका कंपाउंडमध्ये राहायचो. तिथले इंग्रज लोक वर्षातून एकदा, तिथे नाटकांना बंदी म्हणून जाड पडदे ओढून, आवाज भिंतीबाहेर जाणार नाही अशा बेताने गाण्याचं नाटक करायचे. साहेब त्यात रमले. आणि नाटक आलं म्हणजे शिवणकाम आलं. ते करायचे हाशमभाई.

हाशमभाई रत्नागिरीजवळच्या करल्याचे. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, लाँड्री सुपरवायझर, हाताने पक्के शिंपी. बायको जुबेदा आणि चार वर्षांची मेहेक यांच्यासह ते कंपाउंडच्या मागच्या चाळीत राहायचे. त्यांची स्वतःची दाढी काय वर्णावी! काळीभोर, दाट, छातीला टेकणारी. मेहेक तिच्यात बोटं घालूनच झोपायची. मी त्या दाढीकडे चोरून बघायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

डिंक मिळत नाही म्हटल्यावर हाशमभाईंनी माझ्या दोन्ही टोकांना काळं इलॅस्टिक शिवलं. कानांमागे अडकवलं की लागले, ओढलं की निघाले. साहेबांनी कपाळावर हात मारला. इलॅस्टिकची दाढी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम. मलाही अपमान वाटला होता. पण हाशमभाईंची शिवण पाहून मी गप्प बसले, टाका कुठे दिसत नव्हता.

एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यात साहेबांनी तोच दिवेवाल्याचा खेळ बसवायला घेतला. या वेळी नायक ते स्वतः, आणि दाढी मी. वय सत्तावन्न, पण कंपाउंडमध्ये दुसरा टेनर नव्हता. मी दिवस मोजत होते. इराकने कुवेत घेतल्याला काही महिने झाले होते, रस्त्यावरून लष्करी गाड्या जायच्या, तरी तालमी चालू होत्या. जानेवारीच्या मध्यावर खेळ ठरला होता. त्याच आठवड्यात युद्धाला तोंड फुटलं. नायिका झालेल्या नर्सबाई आणि अर्धं कंपाउंड विमानाने परत गेलं. रियाधचे लोक गाड्या भरभरून जेद्दाकडे निघाले. ओलायातली दुकानं बंद झाली. खेळ रद्द झाल्याचं साहेबांनी कुणाला सांगितलंही नाही, फक्त मला डब्यात ठेवताना झाकण जरा हळू लावलं.

ते स्वतः मात्र गेले नाहीत. तिकडे जाऊन कुणाला भेटू, असं ते हाशमभाईंना म्हणाले.

हाशमभाईंची शिवणखोली हॉलच्या मागे होती. तिला खिडकी नव्हती. म्हणून इराकचं क्षेपणास्त्र येत असल्याचा भोंगा वाजला की आमच्या बाजूच्या लोकांनी तिथे जमायचं ठरलं. दाराला प्लॅस्टिक आणि खाकी टेप लावली, उंबऱ्याशी ओला टॉवेल. विषारी गॅसची भीती होती, म्हणून कंपाउंड चालवणाऱ्या कंपनीने तिथल्या सगळ्यांना गॅसचे मुखवटे दिले. शहरातल्या बहुतेकांना तेही नव्हते, त्यांची भिस्त ओल्या फडक्यांवर. मुखवटा लावायचा, पुढच्या जाळीवर तळहात दाबायचा आणि श्वास ओढायचा. मुखवटा गालांना घट्ट बसला तर ठीक. हाशमभाईंचा बसेना. दाढीतून हवा आत येत होती. सुरक्षेच्या माणसाने सांगितलं की दाढी किंवा मुखवटा, दोन्हींतलं एकच निवडा.

हाशमभाईंनी ओळखीच्या मौलवीसाहेबांना फोन करून विचारलं. जीव वाचवायला मुभा आहे, असं ते म्हणाले. मग हाशमभाई बथ्याच्या बाजारात गेले, दुकान उघडं असलेल्या एका न्हाव्याकडे बसले आणि दाढी उतरवून घरी आले.

मेहेक दाराशी रिकाम्या रिळांशी खेळत होती. तिने वर पाहिलं आणि आईच्या मागे जाऊन लपली. जुबेदाबाईंनी समजावलं, हाशमभाईंनी हाका मारल्या. पण आवाज अब्बांचा आणि तोंड भलत्याचंच, त्यामुळे ती जास्तच भ्याली. त्या दिवशी तिने त्यांच्या हातचा घासही घेतला नाही. हे सारं मला नंतर कळलं, कारण हाशमभाई ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी भोंगा झाला. मी शिवणखोलीच्या फळीवर डब्यात होते. झाकण नीट लागलं नव्हतं, त्या फटीतून बघत होते. साहेब आले, हाशमभाई आले, जुबेदाबाई मेहेकला घेऊन आल्या. मोठ्यांनी आधी आपला मुखवटा लावायचा, मग मुलांचा, असा नियम होता. हाशमभाईंनी तो पाळला. आधीच परका झालेला तो माणूस काळ्या रबराचं तोंड आणि काचेचे डोळे घेऊन मेहेककडे वळला. ती अशी किंचाळली की माझ्या जाळीला कंप सुटला. ती कपड्यांच्या रांगेखाली घुसली. छोटा मुखवटा तिने दोनदा ओरबाडून फेकला. जुबेदाबाई स्वतःचा मुखवटा विसरून तिला धरायला धावल्या. लांब कुठेतरी धडाका झाला. संकट टळल्याचा भोंगा होईपर्यंत त्या दोघी मायलेकी उघड्या तोंडाने बसून होत्या.

त्या दिवशी गॅस आला नाही. पण पुढच्या वेळी आला तर? मुखवटा काढून हाशमभाई भिंतीला टेकून बसले आणि हमसून रडले. मेहेक त्यांच्याकडे बघत होती, पण जवळ जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब शिवणखोलीत आले. हाशमभाई मशीनपाशी नुसतेच बसले होते. साहेबांनी विचारलं की दाढी काढली तेव्हा मुलगी कुठे होती. घरी होती, असं हाशमभाई म्हणाले.

“इथेच चुकलं,” साहेब म्हणाले. “तू दाढी विंगेत काढलीस, हाशम. ती समोर काढायची असते.”

हाशमभाईंना कळलं नाही. तेव्हा साहेबांनी सबंध खेळ त्यांना समजावून सांगितला. दिवेवाला जर विंगेत दाढी काढून आला असता, तर मुलीला तो तिसराच कुणी वाटला असता. तिच्या डोळ्यांदेखत काढतो म्हणून ती ओळखते. जे एकदा आड झालं ते आता समोर घडवायला हवं, आणि हाशमच्या हनुवटीवर तर घडवायला काही उरलेलं नाही. एवढं बोलून साहेबांनी फळीवरचा डबा खाली घेतला.

मित्रांनो, एक अडचण होती. मी तपकिरी, हाशमभाईंची दाढी काळी. साहेबांनी मला मेकअपच्या काजळाने काळं केलं, कात्रीने टोक सारखं केलं. माझा लालसर शेवट त्यात गेला. त्याचं मला काही वाटलं नाही.

दुपारी जुबेदाबाई मेहेकला घेऊन आल्या. साहेब स्टुलावर बसले. मला लावून त्यांनी गाणं म्हटलं आणि शेवटी दाढी ओढून चेहरा दाखवला. मेहेक आईचा पदर सोडेना. त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी ती एक पाऊल पुढे आली. पाचव्या-सहाव्या वेळी मला तिनेच ओढलं आणि खुदकन हसली. उंच सूर मात्र साहेबांनी अजून लावला नव्हता. तो ते वर्षानुवर्षांच्या सवयीने गिळत होते.

मग त्यांनी मला हाशमभाईंच्या हातात दिलं. पाठ फिरवून हाशमभाईंनी मला कानांमागे अडकवलं, आणि एका क्षणात मला मराठी कळायला लागली. पहिले शब्द ऐकले ते असे, पुटपुटल्यासारखे, “या अल्ला, पोरीला वळखू दे.” ते वळले.

मेहेक धावतच आली. माझ्यात दोन्ही हात खुपसून तिने विचारलं, “अब्बा, कुठं गेलतास तू?”

“हितंच व्हतो गो,” हाशमभाई म्हणाले. त्यांची हनुवटी माझ्याखाली थरथरत होती.

आता खरी परीक्षा होती. हाशमभाईंना मला काढवेना. मुलगी आत्ता कुठे कुशीत आली होती, ती पुन्हा गेली तर? त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मानेने खूण केली. शेवटी हाशमभाईंनी तिच्या डोळ्यांसमोर एका कानामागचं इलॅस्टिक सोडलं. मी अर्धी लोंबले. अर्ध्या तोंडाचे अब्बा आणि अर्ध्या तोंडाचा तो परका माणूस तिने एकाच वेळी पाहिला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने मला पकडून परत जागेवर लावलं. हाशमभाईंनी पुन्हा सोडलं, तिने पुन्हा लावलं. हा खेळ संध्याकाळपर्यंत चालला. पण मी पुरती निघाले की ती अजूनही मान फिरवायची.

हाशमभाई मला फक्त कंपाउंडच्या आत लावायचे. बाहेर खोटी दाढी घेऊन फिरणाऱ्याला कुणी हटकलं तर काय सांगणार? आणि नमाजाच्या वेळी तर न चुकता काढून ठेवायचे. अल्लापुढे खोटं लावून कसं उभं राहायचं, असं ते जुबेदाबाईंना म्हणाले. मी तेवढा वेळ मशीनवर पडून असायचे. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

दोन दिवसांनी, दिवेलागणीनंतर, भोंगा झाला. सगळे शिवणखोलीत आले. टेप लागली, टॉवेल लागला. मेहेक हाशमभाईंच्या मांडीवर होती आणि मी त्यांच्या तोंडावर. आता मला निघायलाच हवं होतं. खऱ्या दाढीला जे जमलं नसतं ते मला जमत होतं, मुलीसाठी असायचं आणि मुखवट्यासाठी नसायचं. पण मी निघाल्यावर ती तोंड फिरवणार की काय, याच काळजीत सगळे होते. जुबेदाबाई छोटा मुखवटा हातात घेऊन तयार बसल्या होत्या.

मेहेकनेच मला धरलं आणि ओढलं. दोन्ही इलॅस्टिकं सुटली. ती त्या उघड्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचा ओठ थरथरायला लागला.

आणि साहेबांनी गाणं सुरू केलं. बाहेर भोंगा केकाटत होता. अंधारात कोण उभं आहे, भिऊ नकोस. शेवटची ओळ आली तेव्हा ते थबकले नाहीत. जो सूर त्यांनी आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत गिळला, तो लावला. सत्तावन्न वर्षांचा आवाज वर जाऊन जरा चिरला, पण तुटला नाही. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही.

ती ओळ साहेबांनी हाशमभाईंना समजावून दिली होती. ते वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, “मीच हाय गो.”

मेहेकने हात वर करून त्यांच्या गुळगुळीत हनुवटीवर फिरवला. एकदा, मग पुन्हा. आणि तिने डोळे मिटून आपलं तोंड पुढे केलं. जुबेदाबाईंनी मुखवटा चढवला, पट्टे ओढले. तिने तो काढला नाही. मग सगळ्यांनी आपापले मुखवटे लावले. दूर कुठेतरी धडाका झाला, टाचण्यांच्या डब्या खणखणल्या. मी मेहेकच्या मुठीत होते. तिचा घाम मला लागत होता, पण मूठ शांत होती.

तर मित्रांनो, दाढी निघाल्यावर पुढे काय होतं ते मला असं कळलं. समोरचं माणूस विश्वासाने चेहरा पुढे करतं. त्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते. वाट बघितल्याचं सार्थक झालं.

त्यानंतरही भोंगे झाले. दर वेळी मेहेक मला काढायची आणि दर वेळी साहेब गायचे. फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबलं. मुखवटे खोक्यांत गेले आणि हाशमभाईंची दाढी हळूहळू परत आली, या वेळी तिच्यात दोन-चार पांढरे केस होते. मेहेक ते मोजायला बसायची.

उन्हाळ्यात साहेबांचा करार संपला. जायच्या दिवशी हाशमभाईंनी मला धुऊन, विंचरून, डब्यात घालून आणलं. काजळ निघून माझा जुना रंग परत आला होता. साहेबांनी झाकण उघडलं आणि थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग मला लावलं आणि त्या तिघांसमोर, शिवणखोलीत उभं राहून, सबंध गाणं म्हटलं. शेवटी मला सावकाश काढलं आणि मेहेकच्या हातात ठेवलं. चेहरा ओला होता. तो त्यांनी पुसला नाही, लपवलाही नाही. बॅग उचलून ते फाटकाकडे चालू लागले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. कुठल्याही जाहिरातीवर त्यांचं नाव कधी मोठ्या अक्षरात छापलं गेलं नाही. पण ते नायक होते, आणि त्या खेळाची साक्षीदार मी आहे.

मेहेक मोठी झाली, रत्नागिरीत शिकली, लग्न होऊन, मला डब्यासकट घेऊन, परत रियाधला आली. ती ओलायातल्या एका बँकेत संगणकाचं काम बघते. तिचा नवरा डॉक्टर आहे. मुलगा रय्यान शाळेत जाऊन इंग्रजी बोलायला शिकलाय, आई मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. मधली बरीच वर्षं मी कुणाच्या आठवणीत नसलेली, या डब्यात पडून होते. डाव्या अंगाचं भोक त्याच काळातलं.

मग ती मोठी साथ आली. इस्पितळात घट्ट मास्क लावायचा म्हणून आमच्या डॉक्टरांनाही दाढी उतरवावी लागणार होती. घाईत होते. वस्तरा घेऊन ते न्हाणीघराचं दार लावायला लागले, तेवढ्यात मेहेकने दारात पाय घातला. रय्यान तेव्हा चार वर्षांचा होता. तिने त्याला हाक मारली, स्टुलावर उभं केलं आणि म्हणाली, “बघ, बाबा दाढी काढतायत. सगळं बघ.”

त्याने सगळं बघितलं. साबण, फेस, निघालेला एकेक पट्टा. मध्येच हसला, मध्येच विचारलं की दुखतं का. शेवटी बापाच्या गालावर हात फिरवून, ओके म्हणून, खेळायला पळाला. घाबरला नाही की रडला नाही. डब्याचं झाकण त्या दिवशी कुणी उघडलं नाही, कारण माझी गरजच पडली नाही. फळीवर अंधारात बसून मी तो सारा प्रकार ऐकला, आणि माझ्या आयुष्यातला तो सर्वांत समाधानाचा दिवस होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कसर फार लवकर लागते. तेव्हा तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी फळीवर पडलेलं असेल, तर वर्षातून एकदा डबा उघडा, ऊन दाखवा, दोन डांबराच्या गोळ्या ठेवा. पण ते राहून गेलं तरी चालेल, एवढं मात्र विसरू नका. कधी ना कधी तुम्हालाही चेहरा बदलावा लागेल. त्या वेळी दार लावून घेऊ नका. ज्यांचा तुमच्यावर जीव आहे, त्यांना आधी हाक मारा.